सरकारी म्हणजे नेमका कुणाचा?

अंधेरीला पश्चिमेकडे उतरायचं. तिकीट खिडकीतला बुकिंग क्लार्क केंद्र सरकारचा. बाहेर आलं की बेस्टची बस उभी, ती महापालिकेच्या उपक्रमाची. हाकेच्या अंतरावर पालिराम पथावर के/पश्चिम विभाग कार्यालय, म्हणजे खुद्द महापालिका. तिथून रिक्षा करून भवन्स कॉलेजच्या बाजूला गेलात की तहसीलदार कार्यालय, ते राज्याचं, महसूल खात्याचं. आणखी पुढे आंबिवलीला आरटीओ, तेही राज्याचंच, पण परिवहन खात्याचं. दोन-तीन किलोमीटरांत इतके वेगवेगळे धनी. प्रत्येकाची भरती वेगळी, पगार वेगळा, सुट्ट्या वेगळ्या, पेन्शन वेगळी. आपल्या तोंडी मात्र सगळे मिळून एकच, 'सरकारी लोक'.

मला हा फरक उशिरा कळला, आणि तोही स्वतःच्या चुकीतून. आईच्या रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा होता. गावाकडे हे काम तहसील कचेरीत होतं, म्हणून इथेही मी कागद घेऊन तहसीललाच गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "दादा, मुंबईत रेशन आमच्याकडे नाही. शिधावाटप कार्यालयात जा." मुंबईसाठी शिधावाटप नियंत्रकांची स्वतंत्र यंत्रणा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तसंच जन्मदाखला विभाग कार्यालयात, उत्पन्नाचा दाखला तहसीलला, जमिनीची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात, झोपडपट्टी पुनर्वसनाचं वांद्र्याला. उपनगरातल्या माणसाला 'मला फुटबॉलसारखं फिरवलं' असं जे वाटतं, त्यातल्या बऱ्याच फेऱ्या कुणाच्या वाईट हेतूमुळे होत नाहीत. एकाच शहरावर चार-पाच सरकारं एकमेकांवर अंथरलेली आहेत आणि कुठलं कुठे संपतं याची पाटी कुठेच लावलेली नाही. पहिल्या चुकीच्या खिडकीवरचा माणूस आपल्या डोळ्यांना 'टाळणारा' दिसतो, कारण 'हे आमच्याकडे नाही' हे खरं उत्तर आणि टाळाटाळीचं उत्तर, दोन्ही ऐकायला अगदी सारखीच असतात.

आता त्या खिडकीमागची गर्दी मोजून बघू. मुंबई उपनगर जिल्हा 1 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबई शहरातून वेगळा झाला. जिल्हाधिकारी वांद्रे पूर्वेला आणि तालुके फक्त तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. त्यातल्या कुर्ला तालुक्याची कचेरी कुर्ल्यात नसून मुलुंडला आहे, हे कळेपर्यंतसुद्धा माणसाची अर्धी सकाळ जाते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांवर होती. म्हणजे सरासरी एका तालुक्यामागे 31 लाख माणसं. आता सिंधुदुर्ग बघा. लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत, तालुके आठ. तिथल्या तहसीलदाराच्या वाट्याला लाखभर माणसं, इथल्याच्या वाट्याला त्याच्या तीसपट. मान्य आहे, उपनगरात भाताची पाहणी नाही, टंचाईचे टँकर नाहीत, आणि कामं वाटून घ्यायला जादा अधिकारीही असतात. पण दाखल्यांचं काम डोक्यांच्या हिशोबाने वाढतं, आणि डोकी इथे आहेत.

दहावी-बारावीचे निकाल लागले की हा हिशोब रस्त्यावर येतो. उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर. मे-जूनमध्ये निम्म्या उपनगराला एकाच पंधरवड्यात तेच चार कागद हवे असतात. आपण अर्ज देतो तो बहुतेक वेळा महा ई-सेवा केंद्रात. कित्येक वर्षं एका दाखल्याचे 33 रुपये 60 पैसे लागत, आणि वरचे साठ पैसे कुणी कधी परत दिल्याचं मला आठवत नाही. या केंद्राचा चालक सरकारी नोकर नव्हेच. तो दाखल्यामागे ठरलेल्या वाट्यावर पोट भरणारा खाजगी माणूस. पण 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य तो उच्चारतो आणि शिव्या सरकारला पडतात. अर्ज पुढे जातो तेव्हा तो एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकतो: आधी कारकून कागद तपासतो, गरज पडली तर तलाठ्याचा अहवाल येतो, मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, आणि शेवटी सही. या साखळीतला जो माणूस आपल्याला दिसतो, त्याच्याकडे सहीचा अधिकार नसतो. ज्याच्याकडे अधिकार असतो, तो आपल्याला दिसत नाही. 'उद्या या' हे त्या दिसणाऱ्या माणसाकडचं एकमेव चलन आहे, आणि तो ते सढळ हाताने खर्च करतो.

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातले 'सहा महिने' आले कुठून, याचा मी एकदा कायद्याचाच आधार घेऊन हिशोब करून पाहिला. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे. नाव लांबलचक आहे, पण लोक त्याला बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा म्हणतात. 1 जुलै 2006 पासून तो लागू आहे. त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाइल, साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर निर्णय 45 दिवसांत, विचारायची गरज असेल तर तीन महिन्यांत. ऐकायला किती कडक! पण गुणाकार करून बघा. पाच टेबलं असतील तर प्रत्येकाने आपले सात दिवस पुरेपूर वापरले तरी कुणीही दोषी नाही, आणि 35 कामकाजाचे दिवस म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात सरळ सात आठवडे, कॅलेंडरवर 49 दिवस. एकूण मुदत चुकली, माणूस मात्र एकही सापडला नाही. दुसरं खातं मध्ये आलं की तीन महिने. त्यात एखादी 'त्रुटी' निघून फाइल परत आली की पुन्हा श्रीगणेशा. सहा महिने पुरे होतात, तेही नियम न मोडता.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने या गुणाकारावरच बोट ठेवलं. तिथे टेबलाची मुदत मोजत नाहीत, थेट सेवेची मोजतात. उत्पन्नाचा दाखला 15 दिवसांत म्हणजे 15 दिवसांत. नाही मिळाला तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील, आणि मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. हे तक्ते कार्यालयांच्या भिंतीवर लावणं बंधनकारक आहे आणि ते लावलेलेही असतात, बहुधा पंख्याच्या मागे. अपील करणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. रांगेतल्या माणसाला दाखला हवा असतो, आणि अपिलात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात कॉलेजची प्रवेशफेरी उरकलेली असते.

महापालिकेकडे वळलं तरी आकड्यांचं प्रकरण तसंच. 2011 मध्ये के/पूर्व या एका विभागात, म्हणजे अंधेरी पूर्व ते जोगेश्वरी पट्ट्यात, आठ लाखांवर वस्ती होती. कोल्हापूर शहराची तेव्हाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. कोल्हापुरात महापौर, आयुक्त, पूर्ण महापालिका. इथे एक सहायक आयुक्त. घाटकोपरचा एन विभाग सहा लाखांवर, बोरिवलीचा आर/मध्य साडेपाच लाखांवर, मुलुंडचा टी त्या मानाने आटोपशीर, साडेतीन लाखांच्या आत. त्यात 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला. नगरसेवकाच्या कार्यालयात सकाळी आठला जी गर्दी मोकळी व्हायची, ती विभाग कार्यालयाच्या जिन्यावर आली. पूर्वी कनिष्ठ अभियंत्याला पाच नगरसेवकांचे फोन यायचे; प्रशासकाच्या काळात थेट पाचशे लोकांचे येऊ लागले.

पण उपनगरातल्या ज्या सरकारी माणसावर आपण खरोखर चोवीस तास अवलंबून असतो आणि ज्याच्याकडे जवळजवळ कधीच नीट पाहत नाही, तो विभाग कार्यालयात बसत नाही. तो चावीवाला. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा अशा सात तलावांतून रोज जवळपास 3,900 दशलक्ष लिटर पाणी येतं. उपनगरांच्या वाट्याचं बरंचसं भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. पण नळाला पाणी सगळ्यांना एकदम येत नाही. जलवाहिन्यांचे भाग पाडलेत, आणि प्रत्येक भागाला ठरलेल्या तासांपुरतं पाणी मिळतं. ते तास सुरू आणि बंद करतो तो चावीवाला. जलअभियंता खात्यात हे पदाचंच नाव आहे. हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत सोडायची आणि झडपेचे आटे मोजून फिरवायचे. किती आटे उघडले की खालच्या गल्लीत दाब पडणार नाही आणि वरच्या टेकडीवर पाणी चढेल, हे नकाशात लिहिलेलं असतं त्यापेक्षा त्याच्या मनगटात जास्त असतं. असल्फ्याच्या किंवा घाटकोपरच्या टेकड्यांवर शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचवणं म्हणजे त्या मनगटाची परीक्षाच.

आणि लोकांना काय वाटतं? 'तो पैसे घेऊन त्या सोसायटीला जास्त सोडतो.' कुठे कधी तसं झालंही असेल. पण पाणी कमी येण्याची खरी कारणं जमिनीखाली असतात: गंजलेली जोडणी, गळती, वाढलेले मजले, कुठेतरी नवीन टॉवरला दिलेली जादा व्यासाची जोडणी. ती कुणाला दिसत नाहीत. पहाटे साडेचारला गल्लीच्या तोंडाशी वाकून चावी फिरवणारा माणूस मात्र दिसतो. मराठीत अडवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी 'झारीतले शुक्राचार्य' हा शब्दप्रयोग रूढ आहे. बलीने वामनाला दान देताना पाणी पडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि दर्भाच्या काडीने डोळा गमावून बसले, ती गोष्ट. वर्तमानपत्रांत हा प्रयोग इतका वापरला गेलाय की शुक्राचार्यांनी बलीला वाचवण्यासाठी, म्हणजे आपल्या धन्याच्या हितासाठी, तोटी अडवली होती हे आपण विसरूनच गेलो. शिवाय मुंबईच्या झारीच्या तोटीशी प्रत्यक्षात जो बसलेला आहे, त्याचं काम तोटी उघडायचं आहे, याचीही कुणी दखल घेतलेली नाही.

दोन धनी एकाच कामावर आले की काय होतं, ते अंधेरीकरांनी पुलावर पाहिलं. 3 जुलै 2018 रोजी गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंद करून पाडायला घेतला. रुळांवरचा भाग रेल्वेच्या निकषांप्रमाणे, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेचे. 26 फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्यापेक्षा चांगलाच खाली राहिलाय. समाजमाध्यमांवर थट्टेला ऊत आला. उंची वाढली ती रेल्वेच्या बदललेल्या निकषांमुळे, हे स्पष्टीकरण नंतर आलं, आणि ते कुणी वाचलं नाही. बर्फीवाला पुलाचा भाग उचलून काही महिन्यांत जोडही दिला गेला. तो जोड देणारे अभियंतेही सरकारीच होते, पण तेव्हा हसायला काही उरलं नव्हतं.

धन्यांची ही यादी इथेच संपत नाही. सरकारी गणवेशाच्या आत सरकारी नोकर असेलच, याची आता खात्री नाही. मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं कंत्राटी कामगार राबले. कागदावर ते कधी 'स्वयंसेवक' होते, कधी आणखी काही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांची लढाई औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि एप्रिल 2017 मध्ये 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश टिकला. त्याच सुमारास बेस्टमध्ये उलटा प्रवास सुरू होता. स्वतःच्या बस कमी होत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. बस लाल, नंबर बेस्टचा, तिकीट बेस्टचं, पण चालकाचा पगार कंत्राटदाराकडून. ऑगस्ट 2023 मध्ये घाटकोपर-मुलुंडच्या आगारांतून या चालकांचा संप पेटला, तेव्हा कुठे कित्येक प्रवाशांना कळलं की स्टिअरिंगवरचा माणूस बेस्टचा नाही. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात अशाच एका बसने माणसं चिरडली. अनेक जीव गेले. पहिला प्रश्न 'बेस्टचा ड्रायव्हर कसा काय?' हाच होता.

राज्य सरकारनेही 6 सप्टेंबर 2023 रोजी नऊ खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घ्यायचा निर्णय काढला होता. ओरड इतकी झाली की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. मंजूर पदांपैकी साधारण तीनांतलं एक पद रिकामं असताना काम कुणीतरी करायचंच असतं. तीन खुर्च्या, दोन माणसं, आणि रांगेला वाटतं तिसरा चहाला गेलाय.

'सरकारी जावई' हा शब्द ज्या माणसासाठी तयार झाला, त्याची खरी ठेव म्हणजे पेन्शन. तिचीही तारीख धन्याप्रमाणे बदलते. केंद्रात 1 जानेवारी 2004, राज्यात 1 नोव्हेंबर 2005 आणि मुंबई महापालिकेत 5 मे 2008. या तारखांनंतर लागलेल्यांना जुनी ठरलेली पेन्शन बंद; पगारातून 10 टक्के कापून बाजारात गुंतवायचे आणि जे येईल ते. विभाग कार्यालयात एकाच टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचं म्हातारपण सुरक्षित आणि दुसऱ्याचं बाजाराच्या भरवशावर. 1977-78 मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप झाला, तो केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी. मार्च 2023 चा संप सात दिवसांत मिटला, त्याची घोषणा होती 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. तरुण चेहरे त्यात जास्त होते. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली, पण ती जुनी नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि घर? राज्याच्या लिपिकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 19,900 रुपये. घरभाडे भत्ता 30 टक्के धरला तरी सहा हजारांच्या आत. सहा हजारांत अंधेरीत किंवा बोरिवलीत काय मिळतं, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून हा माणूस नालासोपाऱ्याहून नाहीतर बदलापूरहून येतो. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, त्याचं आपल्याला फार अप्रूप. त्याच निर्णयात कामाची वेळ वाढवून सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा केली, ते कुणाच्या लक्षात नाही. शिपायांना तर साडेनऊ ते साडेसहा. जेवणाला एक ते दोनच्या दरम्यान फक्त अर्धा तास, हा नियमही आहे. तो पाळला जातो का, हे दीड वाजता कुठल्याही खिडकीवर जाऊन आपण आपलं ठरवावं.

हे सगळं सांगताना चिरीमिरी विसरून चालणार नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही खाती दरवर्षी वरच असतात. 1064 हा टोल फ्री क्रमांक उगाच नाही. जिथे पाच टेबलं आहेत आणि प्रत्येकावर सात दिवसांची कायदेशीर मोकळीक आहे, तिथे ते दिवस विकता येतात. लाच बहुतेक वेळा चुकीचं काम करण्यासाठी नसते. रास्त काम आज करण्यासाठी असते, आणि म्हणूनच देणाऱ्यालाही ती फारशी बोचत नाही.

आमच्या ओळखीचे मुलुंडचे एक गृहस्थ आहेत, खाजगी कंपनीतून निवृत्त. सरकारी माणसाबद्दल त्यांच्याइतकं रंगवून कुणी बोलत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, तेव्हा 'एवढे लोक आयतं खायला टपलेत' असं ते म्हणाले होते. पुढच्या वर्षी महापालिकेने 1,846 कार्यकारी सहायकांची जाहिरात काढली. पूर्वी याच पदाला लिपिक म्हणत; नाव बदलून रुबाबदार केलंय. परवा त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर चालू घडामोडींची पुस्तकं आणि हॉलतिकिटांची फाइल. मुलगी दीड वर्षापासून अभ्यासिकेत जाते, म्हणाले. आता आणखी एक जाहिरात येणार आहे. त्यासाठी नॉन-क्रिमिलेअर नव्याने काढावं लागेल. सोमवारी दोघं सकाळी सातलाच रांगेत जाऊन उभे राहणार आहेत, कारण टोकन लवकर संपतात. "आणि हे लोक," ते म्हणाले, "पावणेदहाशिवाय खिडकी उघडत नाहीत हो."